नाव, क्रमांक आणि मध्यस्थ

ऑफिसात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये एखादे संकेतस्थळ बंद करून ठेवलेले असले की शेजारचा जाणकार हळूच सांगायचा, ‘नाव नको टाकूस, नंबर टाक.’ मग ॲड्रेस बारमध्ये टिंबांनी जोडलेले चार आकडे पडायचे आणि पहारेकऱ्याच्या नाकासमोरून ते पान खुशाल उघडायचे. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतरची काही वर्षे ही युक्ती बऱ्याच ठिकाणी चालून गेली. आज ती बहुधा फसते. ती का चालत होती आणि का फसू लागली, हे पाहायचे तर आपल्याला थेट १९६९ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वेळी क्रमांक हाच पत्ता होता आणि नाव अजून यायचे होते.

त्या वर्षी २९ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरचा पहिला संदेश निघाला. ‘लॉगिन’ या शब्दाची पहिली दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचे यंत्र कोलमडले. लॉस एंजेलिसचा क्रमांक १, मेन्लो पार्कचा २, सांता बार्बाराचा ३ आणि युटाचा ४. चारच बिऱ्हाडांच्या वस्तीत नावे लागतात कशाला? पण वस्ती वाढली. प्रत्येक ठिकाणचे लोक आपापल्या सोयीची नावे ठेवून आपापली यादी बाळगू लागले, आणि एकाच यंत्राला इकडे एक व तिकडे दुसरे नाव पडले. सप्टेंबर १९७१ मध्ये पेगी कार्प यांनी या नावांना प्रमाण रूप देण्याचा प्रस्ताव मांडला. १९७३ च्या डिसेंबरात पीटर डॉइच यांनी पुढचा मुद्दा काढला : सर्वांनी वेगवेगळ्या याद्या सांभाळत बसण्यापेक्षा एकच यादी एका जागी ठेवावी. ती जागा ठरली मेन्लो पार्क, आणि यादीचा कारभार आला एलिझाबेथ फाइनलर यांच्याकडे. मूळच्या जीवरसायनशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या या बाईंना सगळे ‘जेक’ म्हणत. नवे यंत्र जोडले की फाइनलर यांच्या कचेरीला कळवायचे. तिथे ‘होस्ट्स’ फाइलमध्ये एक ओळ वाढायची. अपूर्णविरामांनी तोडलेल्या त्या ओळीत आधी क्रमांक, मग नाव, मग यंत्राची जात, मग ऑपरेटिंग सिस्टिम असे. साऱ्या जाळ्याने ती फाइल वेळोवेळी उतरवून घ्यायची. या फाइलची वंशज आजही तुमच्या लॅपटॉपात आहे. नावाचा क्रमांक शोधताना यंत्र सहसा बाहेर विचारण्याआधी तीच चाळते.

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी-आयपी स्वीकारला आणि आज आपल्या ओळखीचा बत्तीस बिटांचा क्रमांक रुळला. असे सुमारे ४२९ कोटी क्रमांक शक्य होते. त्या काळी ते न संपणारे वाटले असतील तर नवल नाही. अपुरी पडत होती ती एका कचेरीतली यादी. मरीना डेल रे इथल्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये जॉन पोस्टेल यांनी पॉल मोकापेट्रिस यांना त्या वेळी समोर असलेल्या प्रस्तावांतून मार्ग काढायला सांगितले. मोकापेट्रिस यांनी ते प्रस्ताव बाजूला सारून आपलाच आराखडा रचला आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस, कागदावर आली. यादी फुटली, तिचे तुकडे जगभर वाटले गेले आणि प्रत्येकाने आपल्या तुकड्याची जबाबदारी घ्यायची असे ठरले. १५ मार्च १९८५ रोजी ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे पहिले डॉट कॉम नाव नोंदले गेले. भारताच्या वाट्याचा ‘डॉट इन’ हा तुकडा १९८९ मध्ये आला आणि पुढे बरीच वर्षे त्याची वही मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत सांभाळली गेली.

इथवर नाव आणि क्रमांक असे दोघेच होते. तिसरा आला तो कंपन्यांच्या आणि प्रयोगशाळांच्या भिंतींमुळे. आतली यंत्रे बाहेरच्या जाळ्याला थेट भिडू नयेत म्हणून दारात एक यंत्र बसवायचे आणि सगळी ये-जा त्याच्या मार्फत करायची, ही प्रॉक्सीची कल्पना. डेव्हिड कोब्लास यांनी १९९२ मध्ये ‘सॉक्स’ हा प्रॉक्सीचा प्रोटोकॉल मांडला. १९९४ मध्ये ‘सर्न’चे अरी लुओटोनेन आणि इंटेलचे केविन आल्टिस यांनी वेबसाठीच्या प्रॉक्सीवर निबंध लिहिला. त्यातला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो : आतल्या यंत्राला डीएनएस नसले तरी चालेल, त्याला फक्त प्रॉक्सीचा क्रमांक ठाऊक असला की पुरे. ब्राउझर पूर्ण पत्ता नावासकट मध्यस्थाच्या हाती देतो आणि नावाचा क्रमांक मध्यस्थच शोधतो. सॉक्सच्या चौथ्या आवृत्तीत मात्र उलटे होते. तिथे ब्राउझरने आधी स्वतः क्रमांक शोधायचा आणि मध्यस्थाला फक्त तो सांगायचा. नावही पाठवता यावे ही सोय तिच्या ‘चार-ए’ या सुधारित रूपात आणि मार्च १९९६ च्या पाचव्या आवृत्तीत आली. फरक किरकोळ दिसतो, पण आपण कुठे जातो आहोत हे कोणाला कळणार ते यावरच ठरते. ‘कर्ल’ हे आज्ञा लिहून चालवायचे साधन वापरणाऱ्याला ‘सॉक्स-पाच’ आणि ‘सॉक्स-पाच-एच’ असे दोन पर्याय अजून दिसतात, ते याच तिठ्यावरून फुटलेले. पहिल्यात नाव घरी उलगडते, दुसऱ्यात मध्यस्थाकडे.

मध्यस्थ आला म्हटल्यावर त्याला पहारेकरी करण्याचा मोह कोणाला आवरणार? पहाऱ्याच्या याद्या नावांच्या होत्या, म्हणून लोकांनी क्रमांक टाकले. क्रमांकांच्याही याद्या झाल्या, तेव्हा त्यांचे वेषांतर सुरू झाले. १२७.०.०.१ हा स्वतःच्याच यंत्राचा क्रमांक २१३०७०६४३३ असा सलगही लिहिता येतो, आणि बर्कलीच्या जुन्या युनिक्सपासून चालत आलेली ढिलाई तो मुकाट्याने मान्य करते. मग ‘स्क्विड’सारख्या प्रॉक्सीने उलटा शोध घेऊन क्रमांकाचे नाव काढायला सुरुवात केली. काही ठिकाणी तर नुसता क्रमांक दिसला की दार बंद, असा सरळ नियमच झाला.

पण या युक्तीचा खरा घात पहारेकऱ्याने केला नाही. वेबच्या सुरुवातीच्या प्रोटोकॉलमध्ये ब्राउझर सर्व्हरला फक्त पानाचा मार्ग सांगे. आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली हे सर्व्हरला कळत नसे, म्हणून प्रत्येक संकेतस्थळाला वेगळा क्रमांक लागे. अशाने क्रमांक पुरणार कसे? जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपीची १.१ ही आवृत्ती आली आणि तिने प्रत्येक विनंतीत ‘होस्ट’ ही ओळ सक्तीची केली. एका क्रमांकावर शेकडो संकेतस्थळे नांदू लागली, आणि नुसत्या क्रमांकाने जाणारा माणूस खोली नंबर न विचारता चाळीच्या दारात उभा राहिल्यासारखा झाला. उलट बाजूने हाच घोळ सरकारांनाही भोवला. सप्टेंबर २००३ मध्ये भारत सरकारने ‘किनहुन’ हा मेघालयातल्या फुटीरवाद्यांशी संबंधित याहू ग्रुप रोखायला सांगितले. सेवापुरवठादारांना तेवढाच एक गट वेगळा काढता येईना. त्यांनी क्रमांकच अडवला, आणि देशभरातल्या लोकांचे याहू ग्रुप्स काही दिवस बंद पडले.

नावाच्या यंत्रणेलाच फाटा देण्याची सर्वांत गाजलेली घटना इस्तंबूलची. २० मार्च २०१४ च्या रात्री तुर्कस्तानात ट्विटर बंद झाले, तेही सुरुवातीला डीएनएसच्या पातळीवर, म्हणजे नाव विचारले तर खोटे उत्तर. लोकांनी गूगलच्या डीएनएसकडे मोर्चा वळवला आणि ८.८.८.८ व ८.८.४.४ हे क्रमांक स्प्रेने भिंतींवर रंगवले. काही दिवसांतच ट्विटरचे क्रमांकही अडवले गेले. महिनाअखेरीस तिथल्या सेवापुरवठादारांनी गूगलच्या त्या क्रमांकांकडे जाणारी वाटच आपल्याकडे वळवली, आणि भिंतीवरचा आकडा बरोबर असूनही उत्तर भलत्याच यंत्राकडून येऊ लागले. क्रमांक हा अंतिम, खरा पत्ता, ही समजूत तिथे उघडी पडली.

आज सुरक्षित जोडणीतही ब्राउझर आपल्याला हव्या असलेल्या संकेतस्थळाचे नाव सुरुवातीलाच सांगतो. त्याची तरतूद २००३ सालची. संकेतस्थळाची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे सहसा नावाची असतात, त्यामुळे क्रमांकाने गेले की ब्राउझर बहुधा इशारा देतो. संकेतस्थळांपुढे मध्यस्थ म्हणून उभ्या राहणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या मागे असलेल्या संकेतस्थळाचा क्रमांक टाकून पाहिला तर १००३ ही त्रुटी येते : क्रमांकाने थेट प्रवेश नाही. त्याच क्लाउडफ्लेअरने १ एप्रिल २०१८ रोजी स्वतःची डीएनएस सेवा १.१.१.१ या क्रमांकावर थाटली आणि त्या क्रमांकाचे प्रमाणपत्रही मिळवले. जुलै २०२५ मध्ये मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने नुसत्या क्रमांकाला पहिले प्रमाणपत्र दिले. त्याची मुदत साधारण सहा दिवसांची, कारण क्रमांक आज एकाकडे तर उद्या दुसऱ्याकडे जाऊ शकतो.