अक्कलकोटची भूमी आणि भूपट्ट सांरचनिकी

अक्कलकोट परिसरातील काळी जमीन ज्या बेसाल्टाच्या विदारणातून झाली, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. येथील विद्यार्थी आज आंतरजालावर भूपट्ट सांरचनिकी अभ्यासू लागला, म्हणजे त्यास भूकंपांचे ठिपके पट्टांच्या सीमांवर दाटलेले दिसतात; दख्खनचे पठार जवळजवळ कोरे दिसते. ही भूमी अचल आहे, असे अनुमान त्यावरून सहज निघते.

हेच अनुमान पूर्वी एकदा महागात पडले आहे. हा सिद्धांत १९६७-६८ मध्ये आकारास येत असतानाच, ११ डिसेंबर १९६७ रोजी, कोयना हादरली. परंतु त्याचे कारण मुख्यतः जलाशयात शोधले गेले. भूकंपविभागांच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागातच राहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अक्कलकोटपासून शंभर किलोमीटरांच्या आत, तीच किल्लारी ६.२ महत्तेच्या भूकंपाने उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गाडली गेली. २००२ मध्ये तो पहिला विभागच रद्द करण्यात आला.

यावरून सिद्धांत खोटा ठरत नाही. युरेशियाशी होणाऱ्या टकरीचा ताण भारतीय पट्टाच्या अंतर्भागातही साचतो व जुन्या भ्रंशांवर मोकळा होतो, असे मानले जाते. नकाशातील कोरी जागा ही अल्पकालीन नोंदींची मर्यादा होय. अभयाचे आश्वासन नव्हे. पडद्यावरील नकाशा अभ्यासकाने किल्लारीचा इतिहास शेजारी ठेवूनच वाचला पाहिजे.