छायाचित्रांची वेळनोंद दुरुस्ती

छायाचित्रांची वेळनोंद दुरुस्ती म्हणजे अंकीय छायाचित्राच्या फाइलमध्ये किंवा फाइलीसोबत नोंदल्या गेलेल्या चुकीच्या तारीख-वेळेचा शोध घेऊन ती प्रत्यक्ष चित्रणाच्या वेळेशी जुळवण्याची प्रक्रिया होय. कॅमेऱ्यातून संगणकावर, जुन्या मोबाइलमधून नव्या मोबाइलमध्ये किंवा संदेशवहन अॅपमधून छायाचित्रे हलवताना ही गरज प्रामुख्याने जाणवते. कौटुंबिक संग्रहात अशा चुकीमुळे फार तर क्रम बिघडतो. पक्षीनोंदी, पीक पाहणी आणि न्यायालयीन पुरावा या क्षेत्रांत मात्र ती चित्राचा अर्थच बदलू शकते.

वेळ कोठे नोंदली जाते

एकाच छायाचित्राला अनेक वेळा चिकटलेल्या असतात आणि बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ झाल्याने होतो. पहिली नोंद चित्रफाइलीच्या आत असते. तिचे स्वरूप 'एक्झिफ' या मानकाने ठरवले आहे. जपानी उद्योगसंघटनेने १९९५ साली या मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यात मूळ चित्रणाची वेळ, अंकीकरणाची वेळ आणि फाइलीतील बदलाची वेळ असे तीन स्वतंत्र रकाने आहेत. कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रात पहिल्या दोन वेळा सारख्याच असतात. जुना कागदी फोटो स्कॅन केल्यास त्या वेगळ्या असावयास हव्यात, परंतु अनेक स्कॅनर फक्त स्कॅनची वेळ नोंदवतात. त्यामुळे आजोबांच्या लग्नाचा फोटो गेल्या महिन्यातील म्हणून संग्रहात दाखल होतो.

दुसरी नोंद संगणकाच्या किंवा मेमरी कार्डाच्या फाइल प्रणालीत असते. ती चित्राबद्दल नव्हे, तर फाइलीबद्दल असते. विंडोज संगणकावर फाइलीची प्रत केली की 'निर्मिती'ची तारीख प्रत केल्याच्या क्षणाची होते आणि 'बदला'ची तारीख जुनीच राहते. परिणामी फाइल जन्मण्यापूर्वीच बदलली गेली, असे विचित्र दृश्य दिसते. तिसरी नोंद फाइलीच्या नावात असते. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या चित्रांच्या नावात तारीख असते, पण ती चित्रणाची नसून देवाणघेवाणीची असते. चित्र नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यास हे अॅप आतील एक्झिफ नोंदी काढून टाकते. तेच चित्र 'दस्तऐवज' म्हणून पाठवल्यास त्या शाबूत राहतात.

साडेपाच तासांचा प्रश्न

एक्झिफच्या मूळ रचनेत एक मोठी उणीव होती. वेळ लिहिली जाई, पण ती कोणत्या कालविभागाची हे लिहिण्याची सोयच नव्हती. २०१६ च्या २.३१ या आवृत्तीत त्यासाठी स्वतंत्र रकाने आले. त्याआधीच्या चित्रांत आणि नंतरच्याही पुष्कळ कॅमेऱ्यांच्या चित्रांत ते रिकामे असतात. म्हणून चित्रातील 'सकाळी ९' हे वाशीतील की दुबईतील, हे फाइल स्वतः सांगू शकत नाही.

याउलट, एमपी४ प्रकारच्या चलचित्रांत वेळ जागतिक समन्वित वेळेत (यूटीसी) नोंदवावी असा नियम आहे. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असते. एकाच कॅमेऱ्याने लागोपाठ घेतलेले छायाचित्र आणि चलचित्र संग्रहात साडेपाच तासांच्या अंतराने दिसण्याचे हे नेहमीचे कारण आहे. काही कॅमेरे हा नियम न पाळता चलचित्रातही स्थानिक वेळ लिहितात. मग पाहणारा प्रोग्रॅम तिला यूटीसी समजून साडेपाच तास वाढवतो आणि संध्याकाळचे चलचित्र मध्यरात्रीचे ठरते. मध्यरात्र ओलांडली की तारीखही बदलते. रात्री १ वाजता घेतलेले चित्र यूटीसीनुसार आदल्या दिवशी सायंकाळी ७:३० चे असते.

जुन्या मेमरी कार्डांवरील फॅट फाइल प्रणाली स्थानिक वेळ लिहिते, तीही दोन सेकंदांच्या टप्प्याने. तिची सुरुवात १९८० सालापासून होते. विंडोजची एनटीएफएस प्रणाली यूटीसी वापरते. यांच्यातील भाषांतरात संगणकाचा कालविभाग चुकीचा असला की सर्व फाइली एकसारख्या सरकतात.

वेळेची नोंद पूर्णपणे नष्ट झाल्यास प्रोग्रॅम शून्य हा आकडा तारखेत रूपांतरित करतात. युनिक्स पद्धतीत शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०, यूटीसी मध्यरात्र. भारतात ती पहाटे ५:३० ची वेळ होते. वाशी किंवा नेरूळच्या छायाचित्रावर ही तारीख दिसल्यास चूक ओळखणे सोपे आहे. नवी मुंबई वसवणारी सिडको ही संस्थाच मुळी १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाली. चलचित्रांत हेच शून्य १ जानेवारी १९०४ असे उमटते.

कॅमेऱ्याचे घड्याळ

मोबाइल आपली वेळ दूरध्वनी जाळ्यावरून घेत असल्याने सहसा अचूक असतो. कॅमेऱ्याचे घड्याळ स्वतंत्र असून आतील लहान पूरक विजेरीवर चालते. कॅमेरा महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिला की ती विजेरी उतरते आणि घड्याळ निर्मात्याने ठरवलेल्या आरंभतारखेवर जाते. घड्याळ चालू असतानाही थोडे थोडे पुढेमागे होत राहते आणि वर्षभरात हा फरक मिनिटांत जाऊ शकतो. परदेशी जाताना घड्याळ बदलले नाही, किंवा बदलले आणि परतल्यावर पूर्ववत केले नाही, ही आणखी एक सामान्य चूक आहे. न्यूयॉर्कची वेळ भारतापेक्षा हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते, त्यामुळे तेथील नातेवाइकांकडून आलेल्या संग्रहाला वर्षभर एकच फरक लावता येत नाही.

नवी मुंबईतील पक्षीनोंदी

वेळनोंदीचे महत्त्व ठाणे खाडीच्या काठावर विशेष स्पष्ट होते. साधारणतः हिवाळ्याच्या सुरुवातीपासून मे-जूनपर्यंत येथे रोहित (अग्निपंख) पक्ष्यांचे थवे उतरतात. खाडीचा एक भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याचा रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत समावेश झाला. ऐरोली येथे वन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. ओहोटीच्या वेळी हे पक्षी खाडीच्या उघड्या चिखलावर चरतात. भरतीने चिखल बुडाला की ते विसाव्यासाठी नेरूळ-सीवूड्स परिसरातील तलावांकडे व पाणथळींकडे येतात. म्हणजे पक्षी कोठे दिसला याइतकेच तो भरतीच्या कोणत्या टप्प्यावर दिसला हेही महत्त्वाचे असते. पाणथळ जागेचा पक्ष्यांना उपयोग होतो की नाही, या वादात अशी छायाचित्रे पुढे येतात.

भरती आणि त्यापुढील ओहोटी यांत सुमारे सव्वासहा तासांचे अंतर असते. त्यामुळे साडेपाच तासांची कालविभागीय चूक भरतीच्या चित्राला जवळजवळ ओहोटीचे चित्र करून टाकते. भरतीच्या वेळी तलावात विसावलेला थवा कागदोपत्री ओहोटीत, म्हणजे चिखल उघडा असतानाही तेथे थांबलेला, असा दिसतो. सकाळ-संध्याकाळची, म्हणजे बारा तासांची चूक याहून फसवी असते. दोन भरत्यांमधील अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटे असल्याने भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहिल्यास सारे जुळल्यासारखे वाटते. तेथे प्रकाशाची दिशाच उपयोगी पडते: सावल्या पश्चिमेकडे असतील तर चित्र सकाळचे. ई-बर्ड आणि आयनॅचरॅलिस्ट यांसारख्या नोंदमंचांवर चित्र चढवताना वेळ एक्झिफमधून आपोआप उचलली जाऊ शकते, म्हणून दुरुस्ती त्याआधी करणे योग्य ठरते.

दुरुस्तीच्या पद्धती

सर्वांत विश्वसनीय पद्धत संदर्भचित्राची आहे. अचूक वेळ दाखवणाऱ्या मोबाइलच्या पडद्याचा चुकीच्या घड्याळाच्या कॅमेऱ्याने फोटो काढावा. पडद्यावरील वेळ आणि त्या फोटोच्या एक्झिफमधील वेळ यांतील वजाबाकी हाच दुरुस्तीचा फरक होय. तो फरक त्या संचातील सर्व चित्रांत मिळवला की चित्रांमधील परस्पर अंतरे कायम राहून संच योग्य जागी येतो. संदर्भचित्र काढेपर्यंत कॅमेऱ्याचे घड्याळ नीट करू नये. उत्साहाच्या भरात ते आधी नीट केले, तर फरक मोजण्याचे साधनच हरवते. मधल्या काळात घड्याळ पुन्हा शून्यावर गेले असल्यास प्रत्येक टप्प्याचा फरक वेगळा काढावा लागतो. फाइलींचे अनुक्रमांक वाढत असताना तारीख अचानक मागे गेलेली दिसणे, ही त्याची खूण आहे.

संदर्भचित्र नसेल तर चित्रातच वेळ शोधावी लागते. रेल्वे स्थानकावरील घड्याळ, दुकानाची पावती किंवा त्याच क्षणी दुसऱ्याने मोबाइलवर काढलेले चित्र चालते. चित्रात जीपीएस नोंद असल्यास तिची वेळ यूटीसीमध्ये असते. तिच्यात साडेपाच तास मिळवून कॅमेऱ्याच्या वेळेशी ताडता येते. लग्नसमारंभात तीन-चार कॅमेऱ्यांची चित्रे एकत्र केल्यावर सप्तपदी अंतरपाटाच्या आधी दिसू लागते, तेव्हा सर्व कॅमेऱ्यांनी टिपलेला एखादा क्षण, उदाहरणार्थ अंतरपाट दूर होण्याचा, खुणेसाठी धरतात. पत्रिकेवर छापलेला मुहूर्त यासाठी फारसा भरवशाचा नसतो.

प्रत्यक्ष बदलासाठी फिल हार्वी यांनी पर्ल भाषेत लिहिलेला 'एक्झिफटूल' हा मुक्त प्रोग्रॅम जगभर वापरला जातो. तो २००३ पासून उपलब्ध आहे. त्यात संपूर्ण फोल्डरमधील वेळा ठरावीक तासांनी पुढेमागे करता येतात, तसेच फाइलीची बदलतारीख एक्झिफमधील मूळ वेळेवरून पुन्हा लिहिता येते. हस्तांतरात फक्त फाइलीच्या तारखा बिघडल्या असतील तर दुसरी क्रिया पुरेशी होते. आज्ञा लिहिण्याची सवय नसलेल्यांसाठी 'डिजिकॅम' या मुक्त प्रोग्रॅममध्ये हीच सोय चित्रमय स्वरूपात आहे. गुगल फोटोजमधून 'टेकआउट'द्वारे संग्रह उतरवल्यास प्रत्येक चित्राबरोबर एक वेगळी मजकूर-फाइल येते आणि मंचावर केलेल्या तारखेच्या दुरुस्त्या चित्रात नव्हे, तर तिच्यात असतात. ती निरुपयोगी समजून पुसल्यास ते काम वाया जाते.

कागदी फोटोंच्या बाबतीत इतिहासाचाही विचार करावा लागतो. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईत तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असणारी 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत प्रचारात होती. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात, देशातील घड्याळे आणखी एक तास पुढे होती. फोटोच्या मागे शाईने लिहिलेली वेळ त्यामुळे जशीच्या तशी आजच्या प्रमाणवेळेत उतरवणे बरोबर नाही.

कायदेशीर बाजू

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी शेतात उभे राहून अॅपमधूनच पिकाचे चित्र घेतो. स्थान आणि वेळ नंतर जोडण्याचा प्रश्न तेथे टाळला जातो. न्यायालयात मात्र बहुधा आधीच तयार असलेल्या फाइली येतात.

अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल हा जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीसंबंधीचा खटला याचे ठळक उदाहरण आहे. उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ या मुदतीपूर्वी दाखल झाला की नंतर, हा त्यातील कळीचा मुद्दा होता आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चलचित्रणाचा आधार घेण्यात आला होता. विजयाचे मताधिक्य २९६ होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये ही निवडणूक रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निर्णय कायम ठेवला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे याच निकालात स्पष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम ६३ लागू आहे. त्याच्या प्रमाणपत्रात फाइलीचे 'हॅश' मूल्यही नमूद करावे लागते.

एक्झिफमधील एक मिनिट बदलले तरी चित्र डोळ्यांना तसेच दिसते, पण हॅश मूल्य पूर्णपणे बदलते. म्हणून पुरावा होऊ शकेल अशा चित्राची मूळ फाइल चुकीच्या वेळेसह तशीच जतन करतात, दुरुस्ती प्रतीवर करतात, आणि किती फरक कशाच्या आधारे लावला याची लेखी टीप संदर्भचित्रासह सोबत ठेवतात.