सरस्वती महाल, तंजावर : मराठी नाट्यसंहितांचा संग्रह

तंजावरच्या राजवाड्यातील ग्रंथालय व संग्रहालय. मराठीतील सर्वांत जुन्या ज्ञात नाटकांची हस्तलिखिते येथे आहेत. राजवाडा मूळचा नायक राजांचा, पुढे भोसल्यांनी वाढवलेला. शहाजीराजे भोसले यांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरची गादी स्थापली.

व्यंकोजींचे पुत्र दुसरे शहाजी (राज्यकाल १६८४–१७१२) स्वतः नाटककार होते. १६९० च्या सुमाराचे त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठीतील पहिले नाटक मानले जाते. या नाटकांत गाण्याला संवादाहून अधिक मान आहे. कथा सूत्रधार पुढे नेतो आणि घाट तेलुगू-तमिळ यक्षगानाचा आहे. ‘पंचभाषाविलास’ नाटकात तर पाच भाषा आहेत. राजा मराठी, दरबार तेलुगू आणि रयत तमिळ असताना दुसरे काय होणार? दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८–१८३२) यांनी याच परंपरेत ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिले. त्यात भविष्य सांगणारी कुरव बाई गाण्यांतून जगाचा भूगोल सांगते. नाटकाला शाळेला जुंपण्याचा हा प्रयोग आजही नवा वाटतो.

मराठी रंगभूमीचा आरंभ सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’ने झाला असे मानतात. तंजावरची नाटके त्याआधी दीडशे वर्षांची असली तरी ती दरबारातच राहिली. भाव्यांचे नाटक त्यांतून उगवले असे म्हणता येत नाही. मात्र भाव्यांपुढेही नमुना होता तो कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांचा. म्हणजे दोन्हीकडे उसनवारी दक्षिणेचीच.

ग्रंथालयाचा पाया नायकांच्या काळातला; वैभव सरफोजींनी आणले. मराठी हस्तलिखिते सुमारे ३,००० असून मोडी कागदपत्रे वेगळी. १९१८ पासून ग्रंथालय सार्वजनिक आहे आणि काही नाटके त्याने छापूनही काढली आहेत. संग्रहालयाचे दालन लहान आहे. प्रेक्षक सहसा माणसांचे चेहरे प्राण्यांशी जुळवणाऱ्या शार्ल ल ब्रं यांच्या चित्रांपुढे रेंगाळतात. नाटकांसाठी जाणाऱ्याने आधी छापील आवृत्त्या पाहाव्यात, मग हस्तलिखितांची चौकशी करावी.