कॅसेटवरचे ३० फोटो
१९७५ साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या कोडॅक कंपनीत स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरने हातात धरता येईल असा पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि फोटो अवघ्या १०,००० ठिपक्यांचा, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेल! तो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागत. एका कॅसेटवर ३० फोटो.

आज खिशातल्या फोनच्या एकेका फोटोत कोटीच्या वर ठिपके असतात. मेगापिक्सेल वाढत गेले तशी साठवणही बदलली: फ्लॉपी, सीडी, हार्ड डिस्क. दर वेळी जुनं वाचणारं यंत्रच अडगळीत गेलं. आमच्या मुलीच्या बारशाची सीडी आता उघडत नाही. आजीच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो मात्र भिंतीवर तसाच आहे.

तेव्हा मंडळी, या दिवाळीत सॅसनच्या कॅसेटइतकेच, ३० फोटो निवडा आणि कागदावर छापून घ्या. नातवंडांना पासवर्ड शोधावा लागणार नाही!