घरची बेगमी : दुष्काळांच्या इतिहासातील एक बोध



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी देऊळ कोणी उभारले, पहिले फादर कोण आले, शाळा कधी निघाली, याचे आपण स्मरण करतो व ते योग्यच होय. परंतु पूर्वीच्या अहमदनगर व आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील ख्रिस्ती घरांचा इतिहास देवळाच्या दप्तराइतकाच त्यांच्या कणग्यांत व उतरंडींतही लिहिलेला आहे. कणगीत दाणे असले त्या वर्षी घर गावात टिकले. नसले त्या वर्षी माणसे देशोधडीस लागली. म्हणून घरच्या बेगमीविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

पवित्र शास्त्रातील योसेफाची कथा आपणांस लहानपणापासून ठाऊक आहे. मिसर देशात सुकाळाची सात वर्षे चालू असता त्याने पिकाचा पाचवा हिस्सा नगरोनगरीच्या कोठारांत साठविला आणि पुढील सात दुष्काळी वर्षांत त्यावर देश जगला. त्याच्या शहाणपणाचे फळ दुष्काळात दिसले, पण पेरणी सुकाळातच झाली होती, हे या कथेचे मर्म होय.

दख्खनच्या कुणब्यास हे मर्म अनुभवाने कळलेले होते. टणक व कोरडी जमीन पाहून अरुंद तोंडाचा व रुंद पोटाचा खड्डा खणावयाचा, आत कडब्याचा थर द्यावयाचा, उन्हात कडक वाळविलेली ज्वारी भरावयाची आणि तोंडावर फरशी ठेवून ते मातीने लिंपून टाकावयाचे, यास पेव म्हणत. आत हवा खेळत नसल्यामुळे कीड जगत नसे व धान्य कित्येक वर्षे टिके. ओल शिरली तर मात्र सारेच नासे. पेव उघडताच घाईने आत उतरणारा कोंडलेल्या वायूने गुदमरून मरे. म्हणून जाणते लोक ते काही काळ उघडे ठेवून मगच आत जात. एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटले’ असे आपण अजूनही म्हणतो, त्यात या भूमिगत कोठाराची आठवण राहिली आहे.

ही पेवे रिकामी कशी झाली, हे पाहणे बोधप्रद आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस अडून राहिल्यामुळे इकडील कापसास मोठा भाव आला, हाती रोकड खेळू लागली आणि सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागला. युद्ध संपताच भाव उतरले. कर्ज तेवढे उरले. शिवाय सरकारचा सारा रोख भरावा लागे, म्हणून खळ्यावरची ज्वारी घरी येण्यापूर्वीच बाजारात जाई. 12 मे 1875 रोजी सुपे येथे संतप्त शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि पुढे पुणे व नगर जिल्ह्यांत गावोगावी कर्जरोखे जाळण्यात आले. पुढील वर्षी, 1876 मध्ये, पावसाने दगा दिला.

त्या दुष्काळात माणसे खडी फोडून जगू लागली. 1877 साली सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने त्या कामावरील मजुरी एक पौंड धान्य व वर थोडे पैसे इतक्यावर आणली गेली. 1878 मध्ये दौंड-मनमाड आगगाडी सुरू झाली आणि दूरचे धान्य आणणे सोपे झाले. परंतु ज्याची मजुरी बुडाली त्यास ते घेणार कशाने? 1899-1900 च्या दुष्काळात हाच अनुभव पुन्हा आला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या पूर्वजांपैकी पुष्कळांस स्वतःची जमीन नव्हती. बलुत्याच्या धान्यावर ज्यांचा संसार, त्यांच्या दारी पेव कोठून असणार? अशा माणसास केवळ काटकसरीचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसास उपवासाचे महत्त्व सांगणे होय. ज्यास एकट्याने साठविता येत नाही त्याने इतरांसह साठवावे, हाच त्यावर उपाय.

जर्मनीतील वायरबुश या खेड्यात 1846-47 च्या हिवाळ्यात तेच घडले. पीक बुडाले होते व गरिबांकडे रोख पैसा नव्हता. तेथील नगराधिकारी फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन यांनी सधन गावकऱ्यांकडून पैसा जमवून मंडळी स्थापिली, गावची भट्टी बांधविली आणि गरिबांस उधारीवर स्वस्त भाकरी पुरविली. त्या अनुभवातून पुढे त्यांच्या परस्पर कर्ज देणाऱ्या मंडळ्या निघाल्या. त्यांचा आदर्श पुढे ठेवून हिंदुस्थानात 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आज आपल्या भगिनी बचत गटात दरमहा जी लहानशी रक्कम टाकतात, तिची वंशावळ अशी त्या भाकरीच्या भट्टीपर्यंत जाते.

1972 चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला. तांबडी मिलो आणि सुकडी यांची चव त्यांच्या स्मरणात आहे. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे 50 लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. पुढे 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला. सरकारी साहाय्य वाढले, ही देवाची कृपाच. परंतु ते दारी पोहोचण्यास दिवस लागतात आणि तेवढे दिवस घराने स्वतः तग धरावा लागतो. 2020 च्या टाळेबंदीत बाजार व मजुरी एकदम बंद पडली, तेव्हा ज्या घरी दाणे होते त्या घराची चूल पेटत राहिली.

यास्तव प्रत्येक ख्रिस्ती घराने काही नियम पाळावे. सुगी होताच ज्वारी, बाजरी व डाळी कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा वाळला पाला घालून, जमीन व भिंत सोडून कोरड्या जागी ठेवाव्या. जुने आधी वापरावे व नवे मागे ठेवावे. उतरंडीच्या तळच्या मडक्यात आपल्या आज्या आडअडचणीसाठी पैसा जपत. आता तो बँकेत वा बचत गटात जपावा, पण जपावा अवश्य. लग्न, बाप्तिस्मा व प्रथम ख्रिस्तशरीर हे पवित्र संस्कार आहेत. त्यांच्या जेवणावळींसाठी कर्ज काढणे हे मात्र भरल्या पेवात आपल्याच हाताने ओल सोडणे होय.

तथापि शुभवर्तमानातील त्या धनवानाचा विसर न पडो, ज्याने मोठी कोठारे बांधण्याचा बेत केला आणि त्याच रात्री ज्याचे आयुष्य संपले. त्याचे कोठार त्याच्या एकट्यापुरते होते. बेगमी व साठेबाजी यांतील अंतर शेजाऱ्याच्या दाराशी ओळखावे. आपल्या कणगीतील एक पायली विधवेची, आजाऱ्याची व रोजगार बुडालेल्याची आहे असे मानून जो साठवितो, तो योसेफाच्या मार्गाने चालतो.

या ज्युबिली वर्षी प्रत्येक घरी अशी एक पायली वेगळी निघो, आणि परमेश्वर आपणां सर्वांच्या कणगीस व चुलीस आशीर्वाद देवो, हीच प्रार्थना.