चांदी की सिमेंट? दाढेतल्या दोनशे वर्षांच्या भांडणाची गोष्ट

ज्यांना लोकलमध्ये इअरफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून टाकतेय. अधूनमधून अडखळले होते ते काढलंय, बाकी जसं बोलले तसंच आहे.

सुरुवात आमच्या घरातूनच करते. फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला: दाढेतली चांदी म्हणजे विष, आजच्या आज काढून टाका. आईने तो दोनदा पाहिला आणि जाहीर केलं, "माझी दाढ उकरून घ्यायची." तिच्या उजव्या खालच्या दाढेत 1988 साली चांदी भरलेली आहे, लग्नाच्या आधी, कोल्हापुरात. तिला अजून आठवतं, डॉक्टरांनी छोट्या खलात चांदीची पूड आणि पारा घोटला होता, कापडाच्या तुकड्यातून जादा पारा पिळून काढला होता, आणि दाढेत ठासताना करकर आवाज येत होता. त्यानंतर त्या दाढेने ऊस सोलला, चिक्की फोडली, गपचूप सुपारीही चघळली. तक्रार शून्य.

आणि इकडे मी. तीन वर्षांपूर्वी मला विचारलं होतं, "चांदी की दाताच्या रंगाचं?" मी क्षणाचाही विचार न करता पांढरं सांगितलं. हसताना काळं कोणाला हवंय? गेल्या महिन्यात त्याच दाढेत गार पाण्याने कळ आली. सिमेंटच्या कडेने फट पडून आत पुन्हा कीड.

म्हणजे टिकलेली काढायची आणि न टिकलेली पुन्हा भरायची, असा आमच्या घरचा हिशोब झाला. म्हणून मी वाचायला बसले, आणि कळलं की हे भांडण आमच्या ग्रुपपेक्षा बरंच जुनं आहे. दोन शतकं तरी आहेच.

खरं तर त्याहूनही जुनं. चीनमध्ये तांग राजवटीत, इसवी सन 659 च्या औषधी ग्रंथात चांदी, कथील आणि पारा यांच्या लगद्याचा उल्लेख आहे. पारा हा खोलीच्या तापमानाला द्रव असणारा धातू. त्यात चांदीची पूड मिसळली की लोण्यासारखा मऊ लगदा होतो आणि काही वेळात तो दगडासारखा घट्ट बसतो. यालाच अमाल्गम म्हणतात. आपण ज्याला नुसती चांदी म्हणतो त्यात वजनाने साधारण निम्मा पारा असतो. नाव चांदीचं, अर्धा माल पाऱ्याचा!

युरोपात ही गोष्ट पॅरिसमध्ये रुजली. 1820 च्या दशकात ओग्युस्त ताव्हो नावाच्या दंतवैद्याने चांदीच्या नाण्यांचा कीस आणि पारा मिसळून 'चांदीचा लगदा' दातात भरायला सुरुवात केली. मग 1833 मध्ये क्रॉकूर नावाची मंडळी हा लगदा घेऊन न्यूयॉर्कला उतरली. त्यांनी त्याला नाव दिलं 'रॉयल मिनरल सक्सिडेनियम', म्हणजे शाही खनिज पर्याय. नावात पारा कुठे दिसतोय का बघा. आजच्या जाहिरात कंपन्यांनी शिकवणी लावावी असं नाव. थाटामाटाचा दवाखाना, मोठमोठ्या जाहिराती, दुखणार नाही, दोन मिनिटांत काम. गर्दी लोटली. पण ते कीड नीट न काढताच वरून लगदा दाबायचे. आत सडणं चालूच. शिवाय नाण्यांचा तो कच्चा लगदा घट्ट होताना फुगायचा, काही दातांना तडे जायचे, काही काळेठिक्कर पडायचे. वर्षभरात लोक चिडले आणि क्रॉकूर मंडळींनी गाशा गुंडाळला.

ते गेले, लगदा राहिला. आणि इथून खरी मारामारी सुरू होते.

त्या काळी प्रतिष्ठित दंतवैद्य दातात सोनं भरत. सोन्याचा पातळ वर्ख घ्यायचा, बारीक गोळ्या करून खड्ड्यात एकेक ठासायची. एका दातासाठी तासन् तास. आणि हे सगळं हिरडी बधिर करणारं इंजेक्शन नसताना, कारण कोकेनने जागा बधिर करता येते हे कळायला 1884 साल उजाडलं! असं सोनं नीट भरलं तर वर्षानुवर्षं टिकायचं. पण परवडणार कोणाला? गिरणीतल्या, गोदीतल्या माणसाचा दात दुखला की एकच उपाय, उपटा. स्वस्त लगद्याने पहिल्यांदाच त्या माणसाला दात वाचवायचा पर्याय दिला होता. मला वाटतं, या सगळ्या कथेतला कळीचा मुद्दा हाच आहे, आणि त्या वेळच्या मोठ्या डॉक्टरांना तो फारसा दिसला नाही.

1840 मध्ये अमेरिकेतली पहिली राष्ट्रीय दंतवैद्य संघटना स्थापन झाली, अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्स. त्याच वर्षी बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं कॉलेजही निघालं. धंद्याला नुकती कुठे इज्जत येत होती, आणि क्रॉकूरसारख्यांनी ती घालवली असं या लोकांचं म्हणणं. 1843 मध्ये संघटनेने ठरवलं की अमाल्गम वापरणं म्हणजे रुग्णाशी केलेली गैरवर्तणूक. 1845 मध्ये तर सदस्यांकडून लेखी शपथ मागितली की आम्ही हे वापरणार नाही. न्यूयॉर्कच्या 11 जणांना निलंबित केलं. यालाच पुढे 'अमाल्गम युद्ध' म्हणू लागले.

बरं, संघटनेची सगळीच चूक होती का? तसं नाही म्हणता येत. पारा विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. पण पाऱ्याची भीती किती आणि स्वस्त स्पर्धकाचा राग किती, हे त्यांनी स्वतःलाही वेगळं करून सांगितलं नसतं. सदस्य मात्र गळत गेले. 1850 मध्ये ठराव मागे घ्यावा लागला आणि 1856 मध्ये संघटनाच मोडली. एका दाढेच्या खड्ड्यापायी अख्खी संघटना गेली, असा प्रकार मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

लगदा सुधारला तो प्रयोगांमुळे. फिलाडेल्फियाचे फॉस्टर फ्लॅग यांनी 1870 च्या दशकात सोन्याच्या हट्टाला उघड विरोध केला. आणि 1890 च्या दशकात शिकागोच्या ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी चांदी आणि कथलाचं प्रमाण मोजूनमापून बसवलं, म्हणजे घट्ट होताना लगदा ना फार फुगे ना फार आकसे. आईच्या दाढेत जे आहे ते त्याच घराण्यातलं.

पांढऱ्याचं काय? दाताच्या रंगाचं काहीतरी हवं ही हौसही जुनीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिलिकेट सिमेंट आलं, ते तोंडात हळूहळू विरघळायचं. मग ॲक्रिलिक आलं, ते आकसायचं आणि कडेने गळायचं. अडचण एकच होती, ओल्या गुळगुळीत दाताला काही चिकटतच नाही. 1955 मध्ये रोचेस्टरच्या मायकेल ब्युनोकोर यांनी युक्ती काढली. कारखान्यात धातूवर रंग नीट बसावा म्हणून फॉस्फोरिक ॲसिड वापरतात, तेच त्यांनी दातावर अर्धा मिनिट लावून पाहिलं. पृष्ठभाग खरखरीत झाला आणि राळ त्यात रुतून बसली. पुढे राफेल बोवेन यांनी काचेची बारीक पूड घातलेली मजबूत राळ तयार केली, 1962 मध्ये तिचं पेटंट मिळालं. तेच आजचं कॉम्पोझिट. त्याला आपण सिमेंट म्हणतो, पण ते सिमेंट नाही, निळ्या उजेडात घट्ट होणारं प्लॅस्टिक आणि काच आहे. आणि घट्ट होताना ते अजूनही दोन-तीन टक्के आकसतं. माझी फट कदाचित तिथूनच सुरू झाली असेल.

आता आईच्या व्हिडिओकडे. चांदीतून पाऱ्याची वाफ अगदी थोडी निघते, हे खरं आहे. तिने नुकसान होतं का, हे पाहायला दोन मोठे अभ्यास झाले, अमेरिकेत 534 मुलांवर पाच वर्षं आणि लिस्बनमध्ये 507 मुलांवर सात वर्षं. निम्म्यांना चांदी, निम्म्यांना पांढरं. 2006 मध्ये निष्कर्ष आले, बुद्धी, स्मरणशक्ती, मज्जासंस्था, कशातच चांदीमुळे नुकसान दिसलं नाही. लिस्बनच्या त्याच मुलांमध्ये सात वर्षांनी चांदी 94 टक्के टिकली होती, पांढरं 85 टक्के. हे वाचून मी जरा वेळ गप्पच बसले.

मग चांदी जातेय का? तर जातेय, पण कारण वेगळं आहे. जपानच्या मिनामाता खाडीत कारखान्याने सोडलेल्या पाऱ्याने मासे आणि माणसं उद्ध्वस्त झाली, 1956 मध्ये तो आजार अधिकृतपणे नोंदवला गेला. त्या गावाच्या नावाने 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, भारताने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली. दवाखान्याच्या मोरीतून, स्मशानाच्या धुरातून जाणारा पारा शेवटी पाण्यात आणि माशांत पोहोचतो. युरोपीय संघाने 2025 पासून, काही वैद्यकीय अपवाद सोडले तर, चांदी भरणं बंद केलं. अमेरिकेच्या एफडीएने 2020 मध्ये गरोदर बायका, लहान मुलं, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे रुग्ण अशांनी शक्यतो चांदी टाळावी असं सांगितलं. आणि त्याच पत्रकात हेही, की आधीच भरलेली, चांगली असलेली चांदी उगाच काढू नका, कारण उकरताना वाफ जास्त निघते.

मी हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तू डॉक्टर आहेस का?" मुद्दा बरोबर होता. मग दोघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आईची दाढ ठोकून पाहिली, कडा तपासल्या, एक्स-रे काढला आणि म्हणाले, "काकू, हिला हात लावत नाही मी." आईला हे आवडलं नाही, पण व्हिडिओचा विषय परत निघालेला नाही.

माझी दाढ मात्र उकरली. पुन्हा पांढरंच घेतलं, खड्डा लहान होता आणि डॉक्टरांचंही तेच मत पडलं. या वेळी दाढेभोवती रबराचा पडदा लावला, लाळेचा थेंब आत नको म्हणून. मग पातळ थर, निळा उजेड, परत थर, परत उजेड. पाऊण तास गेला. बाहेर आले तर आई घड्याळ बघत बसलेली.

"एवढा वेळ? माझी तर डॉक्टरांशी गप्पा मारता मारता भरून झाली होती."