जंजिऱ्यातली चूल

पुसदच्या माणसाने समुद्राबद्दल बोलू नये. आमचे पाणी म्हणजे पूस नदी, आणि वैशाखात तीही बोलण्यासारखी राहत नाही. तरी मी तीस वर्षे इतिहासाच्या तासाला समुद्रावर बोललो. फळ्यावर खडूने लाटा काढायचो, मधोमध चौकोन, तो जंजिरा. आपण समुद्र पाहिलेला नाही हे गुपित फक्त आमच्या सौभाग्यवतीला ठाऊक होते. निवृत्तीच्या दिवशी हार-नारळ घेऊन घरी आलो, तर म्हणाली, "आता तरी दाखवता का तो समुद्र, की मीही फळ्यावरच पाहू?"

असे आम्ही मुरूडला पोचलो. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलो. होडी हलली तशी हिने माझा दंड धरला आणि मी होडीची कड. धीर यावा म्हणून मी तास सुरू केला. "१६८२ साली संभाजी महाराजांनी याच किनाऱ्यावरून दगड टाकून समुद्रात सेतू बांधायला घेतला. तेवढ्यात मोगलांची फौज कोकणात उतरली आणि महाराजांना परतावे लागले. शिकंदराने मात्र इसवी सनापूर्वी ३३२ मध्ये भूमध्य समुद्रातल्या टायर बेटापर्यंत असाच बांध घालून ते शहर घेतले." टायर म्हटले की आमचा वर्ग हमखास हसायचा. मागून कोणीतरी 'पंक्चर' म्हणायचे. होडीत कोणी हसले नाही. सगळ्यांना मळमळत होते.

दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. होडी आता तटावर आपटणार असे वाटते, आणि दोन बुरुजांच्या बेचक्यात तो अचानक उभा राहतो. आत एकोणीस बुरूज, तोफा, त्यांतली ती प्रचंड कलालबांगडी. मी तोफेपाशी रमलो. पलीकडे शिवाजी महाराजांचा पद्मदुर्ग दिसत होता. १६७५ साली तिथली रसद पोचवायला दिरंगाई केली म्हणून जिवाजी विनायक सुभेदाराला महाराजांनी जे पत्र धाडले, तसे एखादे आमच्या ओळखीच्या काही कचेऱ्यांना जायला हवे. हे कोणाला सांगावे म्हणून वळलो, तर ही गायब!

सापडली ती तलावाच्या काठी. चहूकडे खारा समुद्र आणि मधे गोड्या पाण्याचे दोन ऐसपैस तलाव! शेजारी पडक्या घरांचे चौथरे, झुडपांत बुडालेले. ही एका भिंतीतल्या कोनाड्यात हात घालून उभी.

"अहो, इथं दिवा ठेवत असतील. मग चूल या बाजूला असंल. इथं कोण राह्यचं?"

मी म्हणालो, "सिद्दी. मूळचे आफ्रिकेतले हबशी. १९४८ साली संस्थान विलीन झालं."

"ते नव्हं हो. बायामाणसं, लेकरंबाळं. दळण, धुणं, बाळंतपणं?"

होडीवाल्याने सांगितले, की आत चांगले गाव होते. संस्थान गेले, पोटापाण्याचे साधन गेले, आणि माणसे हळूहळू किनाऱ्यावर गेली.

मी गप्प. तीस वर्षे माझा जंजिरा बाहेरून आत कधी गेलाच नव्हता. शिड्या लावल्या, तोफा डागल्या, सेतू बांधला. फळ्यावरचा चौकोन आतून कोरा तो कोराच. 'जंजिरा जिंकता आला नाही, कारणे लिहा' हा प्रश्न मी दर वर्षी पाच गुणांना घालायचो. वेढ्यात आतल्या पोरांना रात्री झोप लागत असेल का, हे एकाही मुलाने विचारले नाही. विचारले असते तर मी बहुधा त्याला बाकावर उभा केला असता.

हिने पदराने तो कोनाडा पुसला. कोनाडा दिसला की पुसायचा, ही तिची पुसदचीच सवय.

"चला काका, वेळ झाली," होडीवाला ओरडला. उठताना ही मला म्हणाली, "परतताना तास घेऊ नका. मला पाणी पाहायचंय."